इराइदाच्या घरी लाईट जात नाही

इराइदा किलेस निवांत बसलेली कुणी पाहिली असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं. आमच्या लोमा आल्ता डोंगरावर तरी असा साक्षीदार सापडायचा नाही. चर्चमध्येसुद्धा ती मागच्या बाकावर, दाराशी बसते. पाद्री डोळे मिटायला सांगतो तेव्हा ही बाई छताच्या पंख्याकडे बघत असते. पंखा जरा मंदावला की हिचा एक पाय बाकाबाहेर.

"म्हातारे, देवाला तरी पाच मिनिटं दे," तिचा नवरा चागो म्हणतो.

"देवाला बॅटरी लागत नाही, म्हाताऱ्या. तुला लागते," ही उत्तर देते आणि उठतेच.

पूर्वी ती अशी नव्हती. शाळेत स्वयंपाकाला होती. तिच्या हातचा ओल्या तुरीचा भात पोरं बोटं चाटून संपवायची, आणि भांडी घासून झाली की ही मागच्या पायरीवर पाय पसरून कॉफी पीत बसायची, कुणी हाक मारेपर्यंत. मग ते मोठं वादळ आलं. त्याचं नाव आमच्या पुएर्तो रिकोत उगाच कुणी घेत नाही, आणि घ्यावंही लागत नाही. डोंगरावर जवळजवळ वर्षभर लाईट नव्हती. इराइदाची आई फेला तेव्हा ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि ते मशीन एका उसन्या जनरेटरवर. एका दुपारी जनरेटरमधलं पेट्रोल संपलं. इराइदा तेव्हा खाली गावात, पेट्रोलच्याच रांगेत उभी होती. डबा भरून वर आली तेव्हा मशीन गप्प होतं आणि आईही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्या तोंडावर कुणी बोलत नाही.

त्यानंतर तिने तयारीला जे जुंपून घेतलं ते आजतागायत. आधी स्वतःचा जनरेटर आला. त्याचा धूर घरात नको आणि धडधड शेजाऱ्यांना नको, म्हणून केळींच्या पलीकडे, उताराखाली त्याला सिमेंटची खोली बांधली. चागो म्हणाला, "आमच्या लग्नाच्या खोलीला पत्रा होता, ह्याला स्लॅब!" मग लेकीने फ्लोरिडाहून पैसे पाठवले, तेव्हा छपरावर सोलरची पॅनल चढली, आतल्या खोलीत बॅटऱ्या आल्या, इन्व्हर्टर आला. लाईट गेली की पंप बंद आणि पंप बंद की नळ कोरडा, म्हणून पाण्याची पिंपं. फ्रीजरमध्ये मांसाला जागा नाही, सगळ्या पाण्याच्या गोठलेल्या बाटल्या, कारण बर्फ असला तर औषधं टिकतात. पलंगाखाली दिवे, कपाटात दिवे, संडासातसुद्धा एक दिवा. शेजारची निल्सा तिला मानाने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणते, पण पदोपदी टोमणे मारते. "दोन्या इराइदा, आमचं बिल पण तुमच्याकडेच भरायचं का आता?" अख्ख्या डोंगरावर अंधार असला तरी इराइदाच्या घरी लाईट जात नाही, ही तर म्हणच पडून गेली.

आणि एवढं सगळं झाल्यावर चागोची छाती बिघडली. उभा जन्म गाड्यांना रंग मारण्यात गेला आणि तोंडाला कधी फडकं बांधलं नाही, त्याचं दुसरं काय होणार? डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते घरी आलं त्या दिवशी ठेवायला जागा एकच सोयीची होती, आई जिथे असायची तो खिडकीजवळचा कोपरा. इराइदाने ते तिथे ठेवलं, प्लग लावला, मशीनने एक लांब शीळ घातली आणि घुमायला लागलं. ती न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. हे मशीन बंद पडू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिने त्या दिवशी ठरवली, आणि तिच्या आयुष्यात त्यानंतर दुसरं काही राहिलंच नाही.

आता विजेची थोडी गोष्ट सांगायला हवी, कारण घोळ तिथेच झाला. इराइदाच्या जनरेटरची वायर वर घरात येते आणि कपडे वाळवायच्या मशीनच्या मोठ्या सॉकेटमध्ये घुसते. तिथून सगळ्या घराला लाईट मिळते. अशी वायर लावणं गैर आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि निम्म्या डोंगराने ती लावलेली आहे. फक्त एक पथ्य पाळायचं. जनरेटरचा स्विच वर असेल तर घराचं मेन खाली. दोन्ही एकदम वर असले की तुमच्या जनरेटरची वीज घरात न थांबता उलटी बाहेर जाते, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि हजारो व्होल्ट होऊन तारेत उतरते. मग त्या तारेला हात लावून कुणी काम करत असेल तर संपलाच.

इराइदाला हे पाठ होतं. पण तिला दुसरी एक खोड होती. लाईट आली की आमच्याकडे गल्लीभर आरोळी उठते, "लाईट आली!", म्हातारी माणसंसुद्धा ओरडतात. सगळ्यांना ती आरोळी पुरते, हिला पुरत नाही. न जाणो, आपल्याला ऐकू आलं नाही तर? म्हणून ही सारखी जाऊन बघायची. जनरेटरचा स्विच खाली, मेन वर, दिवा लागतो का, नाही, मेन खाली, स्विच वर. तेवढ्यात मशीन शीळ घालून बंद पडायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

"अगं, मला मारायला तुला वादळ लागत नाही," चागो म्हणायचा. "तू एकटी पुरेशी आहेस."

एलिसेओ इरिसारी हे बघून डोक्याला हात लावायचा. हा जन्मभर वीज कंपनीत खांबावर चढणारा माणूस, आता पेन्शनीत. इराइदाच्या लेकीचा हा धर्मबाप, म्हणून तो तिला कोमाय म्हणतो आणि ती त्याला कोंपाय. तो म्हणायचा, "कोमाय, एक पत्र्याची पट्टी मिळते. ती बसवली की एक स्विच वर गेला की दुसरा जातच नाही. मी येऊन बसवून देतो. फुकट."

"किती वेळ लागेल?"

"अर्धा दिवस लाईट बंद ठेवावी लागेल."

"अर्धा दिवस? मग पुढच्या आठवड्यात बघू."

असे किती पुढचे आठवडे आले नि गेले देव जाणे. ज्या बाईने लाईट जाऊ नये म्हणून घर गहाण पडेल इतका पसारा मांडला, ती अर्ध्या दिवसासाठी स्वतःच्या हाताने लाईट कशी घालवणार? मला तिचा राग येतो आणि तिचं बरोबरही वाटतं.

या सप्टेंबरातलं वादळ तसं नावापुरतंच. वारा फार नव्हता, पाऊस मात्र कोसळत राहिला. पुलाजवळची दरड खाली आली, रस्ता गेला आणि वळणावरचे दोन खांब आडवे झाले. कंपनीच्या माणसांनी फोनवर सांगितलं, रस्ता झाल्याशिवाय गाडी येणार नाही. रस्ता कधी होणार, ते त्यांना माहीत नव्हतं. ढग हटेनात, त्यामुळे छपरावरची पॅनल शोभेला राहिली आणि बॅटऱ्या बसल्या. उरला जनरेटर. तो रात्रंदिवस चालला आणि पेट्रोल प्यायला. शेवटचा डबा उघडला त्या सकाळी इराइदाने तो हलवून पाहिला. रात्र काढेल एवढंही नव्हतं. पूल नाही म्हणजे खाली जाऊन रांगेत उभं राहायचीही सोय नाही.

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. चागोसमोर बोलली नाही, पण चागो काय दुधखुळा होता? त्याने डब्याचा आवाज ऐकला होता.

"एलिसेओची टोळी आज वळणावर येणार म्हणे," तो म्हणाला. एलिसेओने जुने सोबती आणि डोंगरावरची तगडी माणसं गोळा केली होती. पडलेले खांब दोरांनी उभे करून झाले होते, उरलं होतं ते तारांचं काम. कंपनीची वाट बघत बसायचं नाही हे आम्ही मोठ्या वादळात शिकलो.

"येणार तर येऊ देत. मी मेन बघून येते."

"आत्ताच तर बघितलंस!"

"मग आता परत बघते!"

थोड्या वेळाने एलिसेओ स्वतःच दारात आला. कमरेला पट्टा, अंगात जुना, कोपरावर फाटलेला कंपनीचा शर्ट. तो घरोघर फिरत होता. चढायच्या आधी तो नेहमी फिरतो. त्याचा एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. खांबाखाली उभा राहून तो टोपी काढतो आणि कान देतो. खालच्या नदीचा आवाज ऐकू आला तरच चढतो. म्हणजे गल्लीत एकही जनरेटर चालू नको. मेन खाली आहे, वायर काढली आहे, वेगळ्या बोर्डावर आहे, असलं काही तो ऐकून घेत नाही. लोक बोलतात ते खोटं असू शकतं, नदी खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. अशाच कुणाच्या तरी शपथेवर विसंबून त्याचा एक जोडीदार खांबावरच गेला होता.

"कोमाय, बंद करायचा."

"चागोचं मशीन आहे, कोंपाय."

"सिलिंडर आहे ना तुझ्याकडे?"

होता. अडीअडचणीला एक ऑक्सिजनचा सिलिंडर तिने ठेवला होता, त्याला ती रोज पुसायची पण हात लावू द्यायची नाही. "तो किती पुरेल?"

"माझं काम त्याआधी उरकेल. दोन तारा जोडायच्या आणि उतरायचं." मग त्याने आवाज खाली आणला. "तुझं पेट्रोल किती आहे?"

इराइदाने शेवटच्या डब्याकडे बघितलं.

"मग आज लाईट आलीच पाहिजे," एलिसेओ म्हणाला. "बंद कर, बाई."

तिने बंद केला. चागोच्या नाकाला सिलिंडरची नळी लावली, काटा बघितला. धडधड थांबली तेव्हा आधी कान बधिर झाल्यासारखे वाटले. मग कोंबडे, मग कुणाचं तरी रडणारं पोर, आणि खूप खालून नदी. एलिसेओ वळणावरच्या खांबावर चढला.

आता इराइदाने काय करायचं? करण्यासारखं काहीच नव्हतं आणि तेच तिला सोसेना. तिने पिंपांची झाकणं उघडून बंद केली. ओटा पुसला. चागोची उशी ओढून नीट केली, मग पुन्हा नीट केली. जनरेटर बंदच होता, म्हणजे स्विच खालीवर करायचा प्रश्न नव्हता, म्हणून जाऊन नुसतं मेन वर केलं. दिवा लागला नाही. खाली करणार इतक्यात कुंपणावरून निल्सा ओरडली.

"दोन्या इराइदा! अहो, तिकडे खांबाचा आडवा दांडाच मोडलेला निघालाय! आता नवा बसवणार म्हणे. संध्याकाळ होणार!"

"काय सांगतेस!"

"देवाशप्पथ! आणि ते यागरुमोचं झाडही तारेवर रेललंय, ते कापायला करवत आणलीय!"

आणि आत चागोला ठसका लागला. इराइदा धावली. मेन वरच राहिलं.

सिलिंडरचा काटा बघायचा नाही असं ती ठरवत होती आणि बघत होती. वळणावर करवतीचं घरघरणं सुरू झालं, मोठं, थांबेचना. काटा लालकडे सरकला. चागोचे ओठ तिला जांभळे वाटले. खरंच होते की तिच्या मनाला दिसले, कोण सांगणार.

"म्हाताऱ्या, कसं वाटतंय?"

"तू... हलायची... थांबलीस... तर बरं वाटेल."

"जीव गेला तरी तुझं तोंड काही थांबायचं नाही!" ती म्हणाली आणि रडायला लागली. चागोने तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला. तिला आई दिसत होती, उघड्या तोंडाची. फक्त मशीनपुरता सुरू करू, पाच मिनिटं, सिलिंडरला विसावा, करवत चालू आहे तोवर एलिसेओला ऐकूही जायचं नाही, आणि तो काही इतक्यात तारेला हात लावत नाही. हा सगळा विचार तिने उताराखाली धावता धावता केला. दोरी ओढली, पुन्हा ओढली, जनरेटर धडधडला. वर आली. स्विच वर केला.

घरातला दिवा लागला. मशीनने शीळ घातली आणि घुमायला लागलं. तिने चागोची नळी मशीनला जोडली, त्याची छाती हळूहळू खाली बसताना पाहिली आणि मगच ती मागे सरकली. भिंतीला टेकली.

तेवढ्यात शेजारून निल्सा किंचाळली, "लाईट आली!"

मागोमाग तिचा रेडिओ दणाणला. खालच्या घरातून कुणी ओरडलं, "आली रे आली!" मग त्याच्या खालून, मग वळणापर्यंत, भांडी बडवत, शिट्ट्या मारत. स्वतःच्या घरात दिवा लागला की नाही हे कुणी बघितलंसुद्धा नाही, ऐकलं आणि ओरडले. आणि खरं सांगते, इराइदासुद्धा ओरडली. "चागो, आली रे! वेळेवर आली!" तिने क्रूसाची खूण केली, मेरीमातेला हाक मारली आणि जनरेटर बंद करायला म्हणून बोर्डाकडे वळली.

दोन्ही स्विच वर होते.

निल्साच्या घराला इराइदाच्याच ट्रान्सफॉर्मरची लाईट जाते. निल्साचा रेडिओ इराइदाच्या शेवटच्या पेट्रोलवर वाजत होता. आणि त्याच वेळी तीच वीज तारेत होती, वळणावर, जिथे करवत आता बंद झाली होती.

तिने दोन्ही हातांनी बोर्डावर झडप घातली आणि हाताला लागलं ते सगळं खाली पाडलं. दिवा विझला, रेडिओ मेला, मशीनची शीळ वाजली. चागोची नळी घाईघाईने परत सिलिंडरला लावली आणि ती अनवाणी रस्त्यावर पळत सुटली. वाटेत लोक आनंदाने तिचा हात धरत होते, "दोन्या, गेली वाटतं परत, पण आली होती हां!" आणि कंपनीला मनसोक्त शिव्या देत होते. ती हात सोडवत पळत राहिली.

एलिसेओ खांबाच्या पायथ्याशी चिखलात बसलेला होता. जिवंत. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, जणू दुसऱ्याचेच हात बघत होता. करवतीने कान घुमत होते, धडधड त्याला ऐकू आली नव्हती, आणि नव्या दांड्यावर तार चढवायला त्याने हात पुढे केलाच होता. आणि गल्लीत आरोळी उठली. खालून कंपनीची वीज आणणारी पुढची तार तुटलेली त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत होती, मग लाईट येईल कुठून? लोक ओरडले आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. मग तो एकेक पाऊल चाचपत उतरला.

"कोणाचा जनरेटर होता?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "मी बोलणार नाही काही. फक्त कळू दे, कोणाचा."

भोवती माणसं जमली होती. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. निल्साने तर छातीवर हात मारून घेतला, "माझ्याकडे जनरेटरच नाही!" इराइदाला पळून जाता आलं असतं. काटा लालमध्ये होता, तिला परत जायलाच हवं होतं, कुणाला काही कळलंही नसतं.

"माझा," ती म्हणाली.

कुणीतरी मागून म्हणालं, "ही बाई आपल्याला मारणार एक दिवस." निल्साने त्याला गप्प केलं, तेही अर्ध्या मनाने.

"मेन मी वर केलं आणि विसरले," इराइदा म्हणाली. "आणि चागोचा काटा... कोंपाय, मी तुला मारलं असतं. मी तुला मारलं असतं रे!"

एलिसेओ तिच्याकडे बघत राहिला. नजरेत राग होता की भीती, की दोन्ही, ते सांगता यायचं नाही. शेवटी तो म्हणाला, "आज नाही चढत मी, कोमाय. माझे पाय नाहीत जाग्यावर. जा, मशीन चालव. उद्या बघू."

उद्या! पेट्रोल रात्रीपर्यंतही पोचणार नव्हतं. हक्काने मागावं असं इराइदाकडे आता काही उरलं नव्हतं. पण मागितलं तिने. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणासमोर अशी उभी राहिली असेल.

"उद्यापर्यंत चागो नाही टिकणार. पेट्रोल नाही. तू चढ. मी तो चालू करणार नाही."

"मघाशी पण तू बंद केलाच होतास."

ती वळली आणि धावत उताराखाली गेली. जनरेटर अजून रिकामाच धडधडत होता. बंद केला. पाना घेतला आणि त्याच्या पोटातला ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग खोलायला घेतला. इंजिन तापलेलं, बोटं पोळली, तरी खोलला. परत वळणावर आली आणि तो काळा, तेलकट प्लग एलिसेओच्या तळहातावर ठेवला. आता तिने मनात आणलं तरी तो जनरेटर सुरू होणार नव्हता. तिच्याकडे काहीच राहिलं नाही.

एलिसेओने मूठ मिटली. प्लग खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि निल्साच्या नवऱ्याचा हात धरून उभा राहिला. टोपी काढली. सगळी गल्ली गप्प झाली, पोरांची तोंडं आयांनी दाबून धरली. खालून नदी ऐकू आली. तो चढला.

इराइदा घरी पोचली तेव्हा सिलिंडरमधून नुसतं फुस्स येत होतं, आणि मग तेही थांबलं. चागो खुर्चीत पुढे वाकलेला, गुडघ्यांवर हात रोवून, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. त्याला बोलता येत नव्हतं. डोळ्यांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "नंतर सांगते." आजूबाजूला नजर गेली, सवयीने. बॅटऱ्या, पॅनल, दिवे, पिंपं. एवढं सगळं होतं आणि एकाचा उपयोग नव्हता.

ती त्याच्या मागे खुर्चीच्या कडेवर बसली आणि त्याची पाठ आपल्या छातीवर घेतली. दवाखान्यातल्या मुलीने एकदा दोघांना शिकवलं होतं, नाकाने घ्यायचा आणि ओठ चिमटीत धरून हळूहळू सोडायचा, गरम कॉफी फुंकतो तसा. तेव्हा इराइदाचं लक्ष नव्हतं, ती भिंतीवरचं सॉकेट बघत होती. आता तिने आठवून आठवून केलं. ती घेई, तो घेई. ती सोडी, तो सोडी. मधेच त्याचा श्वास तुटायचा, तो घाबरून हात झाडायचा, मग ती त्याला घट्ट धरायची आणि त्याच्या कानाशी आपला श्वास सोडायची, मोठ्याने, ऐकू जाईल असा. "माझ्याबरोबर. घाई नाही. कुठे जायचंय आपल्याला? कुठे नाही जायचं."

किती वेळ गेला ते तिला माहीत नाही. पोळलेल्या बोटांची आग होत होती. पाठीला रग लागली होती. चागोचं डोकं तिच्या खांद्यावर कललं. एकदा वाटलं, संपलं, आणि ती जिवाच्या कराराने घेत-सोडत राहिली. तेव्हा तोही मागून आला, उशिरा, पण आला.

बाहेर आरोळी उठली. आधी वळणावर, मग वर वर येत. निल्साचा रेडिओ, कुणाचं तरी भांडं, कुत्री. या खेपेला आरोळी विझली नाही. सगळ्या डोंगरावर खिडक्या उजळल्या आणि एकट्या इराइदाचं घर अंधारात राहिलं, कारण तिचं मेन खाली होतं.

निल्सा कुंपणावरून ओरडत होती, "अहो दोन्या, आली! मेन वर करा! ऐकू येत नाही का?"

इराइदाला ऐकू येत होतं. बोर्ड हाताभर लांब असेल. चागोला सोडून ती हलली नाही.

शेवटी एलिसेओ दारात आला, पट्टा अजून कमरेलाच. अंधारात त्याला आधी दोघांचे श्वासच ऐकू आले असतील. तो चाचपडत आत आला, बोर्ड शोधला, नीट निरखून पाहिलं आणि मेन वर केलं. दिवा लागला. मशीनने शीळ घातली. त्याने नळी उचलून चागोच्या नाकाला लावली आणि दोघांकडे बघत उभा राहिला. चागोचे डोळे उघडे होते.

"काय बाई तू," एलिसेओ म्हणाला. "अख्खा डोंगर बोंबलतोय. मेन का नाही वर केलंस?"

"हात रिकामे नव्हते," इराइदा म्हणाली.